गीझर लावला की लाइट जाते: दर पावसाळ्यात परत येणारा ट्रिपिंगचा दोष

हर्णैजवळ आमचं घर आहे. घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढल्या आहेत आणि त्या भाड्याने दिलेल्या असतात. एकीत शाळेतल्या गुरुजींचं कुटुंब, दुसरीत दवाखान्यात नोकरी करणाऱ्या दोघी मुली, तिसरीत बँकेतला एक मुलगा. चौथी बहुतेक रिकामी असते, गणपतीला आणि मे महिन्यात तेवढी उघडते. दोष या चौथ्या खोलीतूनच सुरू व्हायचा. गणपतीच्या आठ दिवस आधी झाडलोट करून खोली उघडायची, गीझरचं बटण दाबायचं, की घराची मागची सगळी बाजू अंधारात. सलग तीन वर्षं हेच झालं.

यात गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, दोन-तीन दिवसांत दोष आपोआप नाहीसा व्हायचा. वायरमन येईपर्यंत गीझर नीट चालत असायचा. पहिल्या वर्षी त्याने एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, बदलली. दुसऱ्या वर्षी बोर्डातलं बटण आणि प्लग बदलला. दोन्ही वेळा दोष गेला, म्हणून आम्हाला वाटलं काम झालं. तिसऱ्या वर्षी मात्र ट्रिपिंग थांबेना. घरात पाहुणे, दारात गणपती, म्हणून त्याने आरसीसीबीच्या, म्हणजे वीज गळली की पडणाऱ्या खटक्याच्या, वरच्या आणि खालच्या तारा एकमेकींना जोडून 'डायरेक्ट' केलं, म्हणजे तो खटकाच वगळला. लाइट राहिली आणि मी त्याला पैसे दिले.

आठव्या दिवशी दवाखान्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, न्हाणीत नळाला ओला हात लावला की मुंग्या येतात." टेस्टर नळाला टेकवला तर तो पेटला. मी त्याच क्षणी मेन बंद केला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या भरवशावर राहणाऱ्या माणसांच्या न्हाणीघरात आपणच शॉक सोडून ठेवला होता, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. त्यानंतर हा विषय मुळापासून समजून घेतला, परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेतलं. जे समजलं ते इथे लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत हा दोष घरोघरी आहे.

आधी कोणता खटका पडतो ते पाहा

"लाइट गेली" म्हणजे नेमकं काय पडलं? एमसीबी पडली की आरसीसीबी? बऱ्याच गावांत अजून तिला ईएलसीबीच म्हणतात. टेस्टचं छोटं बटण असतं ती आरसीसीबी. एमसीबी फक्त दोन कारणांनी पडते: जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट. आरसीसीबीचा हिशेब वेगळा आहे. फेजमधून जितका करंट आत गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. मधेच कुठे तो जमिनीत गळत असेल, मग गीझरच्या पत्र्यातून असो वा माणसाच्या अंगातून, तर आत-बाहेरचा हिशेब जुळत नाही आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरची असते आणि १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकते.

आमच्याकडे पहिल्यापासून आरसीसीबीच पडत होती. एमसीबी बदलण्याला काहीच अर्थ नव्हता.

खटका कधी पडतो, यातच अर्धं उत्तर आहे

वायरमनला बोलावण्याआधी भाडेकरूला नीट विचारा. मी आता हे वहीत लिहून ठेवतो.

गीझरचं बटण दाबताच खटका पडतो, आणि तोही खोली बरेच दिवस बंद राहिल्यानंतर? मग बहुधा एलिमेंटमध्ये दमट हवा शिरली आहे. एलिमेंट म्हणजे तांब्याची किंवा मिश्रधातूची नळी. तिच्यात तापणारी बारीक तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती हवेतला ओलावा ओढून घेते. नळीच्या टोकांची सील नवी असताना घट्ट असतात. खारी हवा आणि रोजचं तापणं-गार होणं यांनी ती काही वर्षांत तडकतात. मग जून ते ऑगस्ट खोली बंद राहिली की पूड दमट होते आणि करंट नळीतून पाण्यात गळू लागतो. चार-दोन वेळा खटका चढवून गीझर थोडा थोडा चालला की पूड सुकते आणि दोष 'बरा' होतो. आमच्या पहिल्या दोन वर्षांचं कोडं हेच होतं. रोज वापरात असलेल्या तीन खोल्यांत हा त्रास का नाही, याचंही उत्तर इथेच आहे.

गीझर बंद असताना, दुसऱ्याच खोलीत इस्त्री किंवा पंप लावला की खटका पडतो? हा प्रकार वायरमनलाही चकवतो. साधं बटण फक्त फेजची तार तोडतं. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. एलिमेंट आतून फुटून पाण्याला लागलेलं असेल, तर घराची न्यूट्रल त्यातून अर्थिंगला जोडली जाते. कुठेही मोठा लोड लागला की न्यूट्रलवर दोन-चार व्होल्ट चढतात आणि तेवढ्याने करंट अर्थिंगकडे वळतो. बटण बंद आहे म्हणून गीझर निर्दोष आहे, असं अजिबात समजू नका. गीझरचा प्लगच काढून पाहा. प्लग काढल्यावर दोष गेला तर तो गीझरमध्येच आहे.

जोराचा पाऊस, विशेषतः वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून येणारी सर, सुरू झाली की खटका पडतो आणि ऊन पडलं की राहतो? मग गीझरला दोष देऊ नका. पागोळ्यांखालचा दिवा, गडग्याजवळचा बल्ब, पंपाची पेटी, नाहीतर पश्चिमेच्या भिंतीतून गेलेला पाइप पाहा. चिऱ्याची भिंत पाणी पिते. तिच्यात खोबणी पाडून बसवलेल्या पाइपात चार महिने पाणी साचून राहतं. आमच्या पडवीतल्या दिव्याच्या होल्डरमध्ये मुंग्यांचं वारूळच निघालं. आता बाहेरच्या दिव्यांना वेगळी एमसीबी आहे, आणि भिंतीतली लाइन सोडून देऊन आतल्या बाजूने पट्टीतून नवी नेली आहे.

कधीही, काही कारण नसताना, आठवड्यातून एकदा पडतो? सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल तर हे होतं. फ्रिज, इन्व्हर्टर, पंप, जुनं वायरिंग, प्रत्येकाची थोडी थोडी गळती असते. ती मिळून दहा-बारा मिलिअँपिअर झाली की एवढ्याशा निमित्तानेही खटका पडतो. त्यावर उपाय एकच, खोलीगणिक वेगळं संरक्षण.

एलिमेंट तपासायचं कसं

गीझरची एमसीबी बंद करा, प्लग काढा, मगच खालचं झाकण उघडा. एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवा. मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध मोजा. २००० वॉटच्या गीझरला साधारण २६ ओहम, ३००० वॉटच्या इन्स्टंटला साधारण १८ ओहम यायला हवेत. काहीच न दाखवल्यास तार तुटली आहे.

पण ट्रिपिंगचा दोष या मोजमापात दिसत नाही, आणि इथेच पुष्कळ वायरमन थांबतात. "मीटर बरोबर दाखवतोय, गीझर चांगला आहे" असं सांगून जातात. मल्टिमीटरची बॅटरी काही व्होल्टची, आणि दमट पुडीतून होणारी गळती खरी दिसते ती मोठ्या व्होल्टेजखाली. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, हवा. एलिमेंटचं एक टोक आणि गीझरचा पत्रा यांच्यामध्ये तो लावायचा. चांगल्या एलिमेंटला कित्येक मेगाओहम येतात. आमच्या चौथ्या खोलीच्या एलिमेंटने ०.०१ मेगाओहम दाखवले, म्हणजे दहा हजार ओहम. २३० व्होल्टला भागून पाहा: २३ मिलिअँपिअर. खटका का पडत होता ते त्या एका आकड्याने सांगितलं. वायरमनकडे मेगर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा, इतकंच मी म्हणेन. संपूर्ण लाइनला मेगर लावताना मात्र एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही आधी सोडवायचे, नाहीतर ते जळतात. वायरिंगला किमान एक मेगाओहम यायलाच हवा.

एलिमेंट बाहेर काढल्यावर त्यावर पांढरा थर दिसला तर तो पाण्यातल्या क्षारांचा. किनाऱ्यालगतच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये मचूळ पाणी येतं, आणि गीझरचं आयुष्य तिथेच कमी होतं. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, अॅनोड म्हणतात तिला. टाकीच्या जागी ती स्वतः झिजते. तिच्यामुळे टाकी वाचते. ती दर वर्षी पाहायची आणि पेन्सिलीएवढी राहिली की बदलायची. गीझर घेताना दुकानात टाकीचं अस्तर आणि एलिमेंटचा धातू विचारा. खाऱ्या पाण्यात साध्या तांब्यापेक्षा इन्कोलॉय या मिश्रधातूचं एलिमेंट जास्त टिकतं. तापमान शेवटच्या आकड्यावर ठेवू नका, पन्नास-पंचावन्नला ठेवा, थर कमी बसतो. आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह टपकतो म्हणून त्याला बूच मारून ठेवणारे मी पाहिले आहेत. टाकी फुटू नये म्हणूनच तो असतो. सतत टपकत असेल तर बदला.

आरसीसीबी 'डायरेक्ट' करणं कोकणात जास्त घातक का आहे

हा भाग थोडा आकडेमोडीचा आहे, पण घरमालकांनी तो शांतपणे वाचावा अशी माझी विनंती आहे.

गावात खांबावरून घरात बहुधा फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा येतात. अर्थिंग आपलं आपण करायचं. आपली जमीन जांभ्याची. वरची वीतभर माती सोडली की कातळ. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे, जांभ्यात हे सर्रास असतं. गीझरच्या पत्र्याला फेज लागली, तर अर्थिंगमधून जास्तीत जास्त २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जाईल. गीझरची एमसीबी १६ अँपिअरची. ती बहुधा पडणारच नाही. तासन् तास पत्रा, नळ, शॉवर सगळं जिवंत राहील आणि गीझर पाणीही तापवत राहील. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, तरी माणूस वाचत नाही.

आरसीसीबी असेल तर? ३० मिलिअँपिअरच्या करंटने २० ओहमवर पाऊण व्होल्टही चढत नाही. रोध १०० ओहम असला तरी तीनच व्होल्ट. तेवढ्यात खटका पडलेला असतो. म्हणजे आपल्या कातळावर खरं संरक्षण आरसीसीबीचं आहे, एमसीबीचं नाही. आमच्या वायरमनने काढून टाकली ती हीच एक वस्तू होती.

याचा अर्थ अर्थिंग नको असा नाही. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताच, कोणी हात लावण्याआधी, खटका पडतो. नसेल तर माणसाच्या अंगातून करंट जाईपर्यंत तो वाट पाहतो. आम्ही अर्थिंगचा जुना खड्डा सोडला. त्यातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मिठाने आणि खाऱ्या हवेने चाळण झाला होता. न्हाणीचं सांडपाणी जिरतं तिथे माडांच्या आळ्याजवळ माती खोल लागते, तिथे तांब्याचा मुलामा दिलेले दोन रॉड, एकमेकांपासून रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर, ठोकून जोडले. ओल बारा महिने राहते. मोजमाप मे महिन्यात घ्यायचं. ऑगस्टमध्ये मोजलं तर कुठलंही अर्थिंग उत्तम दाखवतं.

सुधारणा करताना आलेल्या अडचणी

चारही खोल्यांना आरसीबीओ बसवले, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत. बसवल्याबरोबर चारही पडले. वायरिंगवाला घाबरला, मला वाटलं माल खराब. कारण निघालं न्यूट्रलचं. जुन्या कामात सब-मीटरनंतर चारही खोल्यांच्या न्यूट्रल एकाच पट्टीवर बांधल्या होत्या, आणि पडवीतल्या दिव्याची फेज एका खोलीतून, न्यूट्रल दुसरीतून घेतली होती. आत गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परत येत होता. प्रत्येक खोलीची न्यूट्रल तिच्याच आरसीबीओखाली वेगळी करेपर्यंत दोन दिवस गेले. इन्व्हर्टर असेल तर त्याचीही न्यूट्रल अशीच पाहून घ्या. तिसऱ्या खोलीतला दोष शेवटी तिथेच सापडला.

गीझरच्या लाइनला पूर्वी एकची (एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर होती. आता मीटरपेटीपासून थेट अडीचची तांब्याची, मधे कुठेही सांधा नाही. इन्स्टंट गीझर असता तर चारची ओढली असती. साध्या बटणाच्या जागी डीपी स्विच घातला, जो फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो, आणि तो न्हाणीच्या बाहेर बसवला. प्लगच काढून टाकला, कारण खाऱ्या हवेत प्लगच्या पिनांवर हिरवा कीट चढतो, पकड ढिली होते आणि तिथेच जळायला लागतं. सॉकेट ठेवायचंच असेल तर समोरून पाहताना फेज उजवीकडे आहे ना, ते तपासा. उलट असेल तर गीझरचा थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडतो आणि एलिमेंट फेजवरच राहतं.

लोडचाही हिशेब करा. चार गीझर दोन-दोन किलोवॉटचे, सकाळी सहा ते सात एकदम लागतात. ८००० वॉट म्हणजे जवळजवळ ३५ अँपिअर, वर पंप. आमचा मेन स्विच ३२ अँपिअरचा होता आणि मंजूर भार त्याहून कितीतरी कमी. ठेकेदाराच्या चाचणी अहवालासह महावितरणकडे भारवाढीचा अर्ज केला, थ्री फेज घेतलं आणि खोल्या तीन फेजवर वाटल्या.

"गीझर तापतच नाही" ही तक्रार यापेक्षा वेगळी असते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॉटला साधारण १८ मिनिटं लागतात. पण व्होल्टेज १८० झालं की त्याच गीझरची ताकद सुमारे १२०० वॉटवर येते आणि अर्धा तास लागतो. बँकेतल्या मुलाने याच कारणाने बादलीत हीटरचा रॉड सोडायला सुरुवात केली होती. त्याला मी रागावलो नाही; त्याला कामावर वेळेत पोचायचं होतं. सकाळी सॉकेटवर व्होल्टेज मोजलं, गीझरला एकदम अर्धा तास आधी लावायला सांगितलं आणि रॉड काढून घेतला. रॉडने बादलीतलं पाणीच जिवंत होऊ शकतं.

खर्च कोणाचा

वायरिंग, अर्थिंग, आरसीबीओ, गीझर हे सगळं घराचा भाग आहे, खर्च मालकाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ मध्ये, उलट करार नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे; भाडेकरूने नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही तर तो स्वतः करून भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय मालकाला वीज-पाणी तोडता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर देत असाल तर दुरुस्ती कोणी करायची हे करारातच स्पष्ट लिहा. आम्ही लिहिलं आहे: विजेचा दोष कळवणं भाडेकरूचं काम, दुरुस्त करणं आमचं, आणि बोर्ड कोणी परस्पर उघडायचा नाही.

एकदम सगळे पैसे नसतील तर आधी आरसीसीबी परत चालू करा, मग अर्थिंग मोजून घ्या, मग डीपी स्विच. नवा गीझर शेवटी. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला भाडेकरूंना शिकवा; खाऱ्या हवेत आतला खटका अडकून बसतो, दाबत राहिलं तर मोकळा राहतो. आमच्याकडे एक तारखेला, भाडं द्यायला येतात तेव्हा, गुरुजी आधी बटण दाबून येतात.

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत आता कौलं शाकारणं आणि लाकडं भरणं यांच्याबरोबर मेगरही आला आहे. मेच्या शेवटी चारही गीझर मोजले. तीन उत्तम आहेत. चौथ्या खोलीतल्या एलिमेंटच्या टोकांची सील मागच्या खेपेला नवी होती, तरी आकडा दीड मेगाओहमवर उतरलाय. गीझर चालवण्याजोगा आहे, पण खोली तीन महिने बंद राहणार. म्हणून तो काढून ठेवला आहे, नवा आणलाय, आणि गणपतीला पंधरा दिवस असताना बसवायचा आहे.